बार्शी लाईटचे स्टेशन



गावाला जशी वेस, तसे स्टेशन. माल बाहेर जातो तो तिथून. लेक सासरी जाते ती तिथून, आणि पोरगा नोकरीला निघतो तोही तिथूनच. पण वेशीची गोष्ट आपण पोराबाळांना सांगतो, स्टेशनची सांगत नाही. ते आपले रोजचे. रोजच्या वस्तूचा इतिहास असतो हे आपल्या ध्यानात येत नाही.

या पाठात आम्ही बार्शीच्या स्टेशनची व तिथल्या छोट्या रेल्वेची गोष्ट सांगणार आहोत. ती रेल्वे कशी आली, का बदलली आणि तिच्यातले काय जपले पाहिजे, हे पाहू.

१. स्टेशन एकीकडे, गाव दुसरीकडे

आपल्या देशात पहिली प्रवासी आगगाडी मुंबई ते ठाणे धावली. तो दिवस होता १६ एप्रिल १८५३. पुढे रूळ वाढत गेले. १८६० साली ते सोलापूरपर्यंत पोचले. ही रेल्वे जी. आय. पी. नावाच्या विलायती कंपनीची होती.

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. भगवंताची बार्शी म्हणून ते चहूकडे माहीत आहे. विष्णूचे 'भगवंत' या नावाचे देऊळ तिथे आहे. गाव व्यापाराचे. बालाघाटच्या डोंगरावरून मराठवाड्याचा माल खाली उतरायचा, तो बार्शीच्या पेठेत यायचा. कापूस यायचा, ज्वारी यायची, गळिताचे धान्य यायचे.

पण रेल्वे बार्शीला आली नाही. ती दूरून निघून गेली. जवळचे स्टेशन म्हणजे कुर्डुवाडी. ते बार्शीहून सुमारे ३५ किलोमीटर. कंपनीने त्या स्टेशनला नाव दिले 'बार्शी रोड'. रोड म्हणजे रस्ता. इथे उतरा आणि बार्शीचा रस्ता धरा, असा त्याचा अर्थ. अशी 'रोड' नावाची स्टेशने देशात अजून पुष्कळ आहेत. पाटीवर रोड दिसला की समजावे, गाव अजून लांब आहे.

आता ३५ किलोमीटर म्हणजे आज काही नाही. पण तेव्हा माल बैलगाडीतून जाई. भरली गाडी दिवसभर चालली तरी वाटेत मुक्काम पडे. पावसाळ्यात काळ्या रानात चाके रुतत. बैलांचा दम जाई. मालाचे नुकसान होई ते वेगळेच. आणि हा गाडीभाड्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडे? व्यापारी आपल्या पदरचे देत नसतो. तो शेतकऱ्याच्या भावातून कापून घेतो. म्हणजे स्टेशन लांब, तर शेतकऱ्याच्या हाती पैसा कमी. हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

२. हलकी गाडी

१८८२ साली एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनियर जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला आला. बार्शी रोडकडे येणाऱ्या बैलगाड्यांची रीघ त्याने पाहिली. त्याच्या मनात आले, इथे रेल्वे हवी. पण मोठी रेल्वे बांधायला खर्च फार. मग छोटी, हलकी रेल्वे का बांधू नये?

इंग्रजीत हलके म्हणजे लाईट. दिव्यालाही लाईट म्हणतात, पण इथे तो अर्थ नाही. १८९५ साली विलायतेत 'बार्शी लाईट रेल्वे' नावाची कंपनी निघाली. मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. आपले लोक त्या गाडीला नुसते 'बार्शी लाईट' म्हणू लागले.

या गाडीचे माप समजून घेऊ. दोन रुळांमधले अंतर म्हणजे रुळांची रुंदी. मोठ्या रेल्वेत ती साडेपाच फूट असते. बार्शी लाईटची होती अवघी अडीच फूट. आपल्या हाताने मोजाल तर दोन हातसुद्धा नाही.

रूळही हलके. एक मीटर लांबीच्या रुळाचे वजन सुमारे १५ किलो. आज मोठ्या मार्गावर मीटरला ५२ किंवा ६० किलोचे रूळ असतात. मग एवढ्या बारीक रुळांवर इंजिनाचा भार पेलणार कसा?

काल्थ्रॉपची युक्ती साधी होती. पालखीचे उदाहरण घ्या. दोघांनी उचलली तर खांदा मोडतो. आठ जणांनी उचलली तर प्रत्येकाला थोडाच भार येतो. काल्थ्रॉपने ठरविले, चाकांच्या कुठल्याही एका जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही. इंजिन जड आहे ना? मग चाके वाढवा. पहिल्या इंजिनांना चाकांच्या सहा जोड्या होत्या. भार वाटला गेला आणि बारीक रुळांनी तो पेलला. रूळ हलके, पूल हलके, म्हणून खर्चही कमी. पुढे दुसऱ्या देशांतल्या लोकांनीही हे काम नावाजले.

हाच काल्थ्रॉप उतारवयात विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या मागे लागला. ती छत्री पहिल्या महायुद्धात कामी आली. ज्याला भाराचे गणित कळले, त्याने जमिनीवरचाही भार तोलला आणि हवेतलाही.

३. पंढरीची वाट आणि लातूरची पेठ

बार्शीला रेल्वे आली आणि कामाला लागली. मग ती दोन्ही बाजूंनी वाढली. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला रूळ गेले. १९११ साली बार्शीकडून लातूरला गेले. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. कापसाची मोठी पेठ होती. १९२७ साली पंढरपूरचे रूळ मिरजेला जाऊन मिळाले. एका टोकाला मिरज, दुसऱ्या टोकाला लातूर. सगळी मिळून २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर.

पंढरपूरची गाडी म्हणजे वारकऱ्यांची गाडी. वारी पायीच करायची, हा आपला नेम. पण म्हाताऱ्या माणसांना, लेकुरवाळ्या बायांना गाडीचा आधार झाला. आषाढी-कार्तिकीला एवढी गर्दी उसळे की मालाच्या डब्यांतही माणसे बसवावी लागत. टाळ-मृदंग डब्यात, अभंग डब्यात. गाडीचा वेग बेताचाच. घाई असणाऱ्याने चिडावे आणि घाई नसणाऱ्याने खिडकीतून पिके बघत जावे, अशी ती गाडी.

१९५४ साली सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. विलायती कंपनी गेली. रेल्वे देशाची झाली.

४. कुर्डुवाडीचे ओझे

आता अडचण ऐका. बार्शी लाईट अडीच फुटी, मोठी रेल्वे साडेपाच फुटी. छोट्या रुळावरचा डबा मोठ्या रुळावर जाऊच शकत नाही. मग लातूरचा कापूस मुंबईला न्यायचा कसा?

गाडी कुर्डुवाडीला आली की पोती छोट्या डब्यातून उतरवायची आणि मोठ्या डब्यात भरायची. मुंबईहून माल आला की उलट. हे सगळे काम हमालांच्या पाठीवर. एकच पोते दोनदा उचलायचे. त्यात वेळ जाई, पोती फाटत, माल सांडे, मजुरी वाढे. प्रवाशांचेही तेच. सामान, पोरे घेऊन ही गाडी सोडायची आणि ती धरायची.

बैलगाड्यांचे दिवस आठवा. मालाच्या वाटेत खोळंबा झाला की त्याचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्यावर. बैलगाडीचा खोळंबा बार्शी लाईटने संपविला खरा, पण रुळांच्या दोन मापांचा नवा खोळंबा कुर्डुवाडीला येऊन बसला. पुढे डांबरी रस्ते झाले, ट्रक आले. ट्रक शेतातून उचलतो आणि पेठेत टाकतो. मध्ये उतरवाउतरव नाही. छोट्या गाडीचा माल हळूहळू ट्रकवाल्यांकडे गेला.

५. रूळ रुंद झाले

म्हणून रूळ रुंद करायचे ठरले. २००१ साली कुर्डुवाडी ते पंढरपूर मोठे रूळ झाले. २००७ आणि २००८ या दोन सालांत लातूर ते कुर्डुवाडी काम पुरे झाले. त्यानंतर पंढरपूर ते मिरज हाही टप्पा झाला. धाराशिव शहर जुन्या मार्गावर नव्हते. रूळ रुंद करताना वाट वळवून त्या शहरालाही रेल्वे दिली. शंभर वर्षे धावलेली छोटी गाडी थांबली.

पुष्कळांना वाईट वाटले. आम्हांलाही वाटले. पण वाईट वाटणे वेगळे आणि चूक झाली म्हणणे वेगळे. ही चूक होती का, याचे उत्तर २०१६ साली मिळाले.

६. पाण्याची गाडी

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्याला फार कठीण गेला. लातूर शहराचे पाणी आटले. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाणी भरण्याच्या जागी जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. घागरीसाठी माणसे रात्र रात्र जागत होती.

तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. कृष्णेचे पाणी. ११ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी निघाली आणि १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. दहा टाक्या होत्या. एका टाकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. म्हणजे एकूण ५ लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. एका खेपेला २५ लाख लिटर. पावसाळा लागेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस ही गाडी येत राहिली. शंभराहून जास्त खेपा झाल्या.

ही गाडी कोणत्या वाटेने आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. ओळखीची वाट वाटते ना? काल्थ्रॉपच्या कंपनीने जी गावे जोडली होती, त्याच गावांवरून पाणी आले.

आता थोडे गणित करू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. ५० हजार लिटर म्हणजे ५० टन. हे एका टाकीतले पाणी. आणि काल्थ्रॉपचे माप काय होते? चाकांच्या एका जोडीवर पाच टन. डब्याला चार जोड्या धरल्या तर वीस टन, आणि त्यात डब्याचे स्वतःचे वजनही आले. म्हणजे त्या मापाच्या रुळांवर अशी एकही टाकी उभी राहिली नसती. शिवाय कुर्डुवाडीला पाणी काय पोत्यासारखे पाठीवरून उतरविणार?

जुनी गाडी गेली म्हणून हळहळणाऱ्या माणसाने हे गणित ध्यानात ठेवावे. बार्शी लाईटने वाट पाडली. रुंद रुळांनी त्या वाटेवरून पाणी आणले. दोघींचेही उपकार आहेत.

७. मग जपायचे काय?

कोणी विचारील, गाडी गेली, रूळ गेले, आता जपायचे काय?

जुने जपायचे म्हणजे सगळे जसेच्या तसे ठेवायचे असे नव्हे. जागा बघून ठरवावे. नेरळहून माथेरानला डोंगर चढून जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तिचे रूळ फक्त दोन फुटी. २००५ च्या महापुरात ती वाट वाहून गेली. दुरुस्ती झाली, २००७ साली गाडी पुन्हा धावली. २०१९ च्या पावसात वाट पुन्हा खचली. २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली. तिथे डोंगराची वळणे अरुंद आहेत, छोटी गाडीच शोभते, आणि लोक तिच्यासाठीच येतात. तिथे गाडी जपणे योग्य. बार्शीला मालाची आणि पाण्याची गरज मोठी. तिथे वाट रुंद करणे योग्य.

पण गाडी बदलली तरी तीन गोष्टी जपता येतात.

पहिली गोष्ट, इमारत. जुनी स्टेशने दगडाची, चुन्यात बांधलेली असतात. त्यांना घाईघाईने सिमेंटचा गिलावा करू नये. भिंतीत ओल शिरते. चुन्यातून ती बाहेर पडू शकते. सिमेंटमधून सहज पडत नाही. ती आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आपल्या वाड्यांना, देवळांनाही हाच नियम. पन्हळी दर पावसाळ्याआधी साफ कराव्यात. भिंतीत पिंपळाचे रोप दिसले तर ते बोटभर असतानाच काढावे. खोड झाले की भिंत फोडते.

दुसरी गोष्ट, वस्तू. हातातला कंदील, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, वजनाचा काटा, जाड पुठ्ठ्याचे बोटभर तिकीट, जुनी पाटी. या वस्तू भंगारात गेल्या की परत येत नाहीत. नागपूरला छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते २००२ साली उघडले. दिल्लीला देशाचे रेल्वे संग्रहालय आहे. ते १९७७ सालचे. तिथे जुनी इंजिने आणि डबे नीट मांडून ठेवले आहेत. आपल्या घरी आजोबांच्या पेटीत जुने तिकीट असेल तर ते फेकू नका. पण एक सांगून ठेवतो. स्टेशनवरची वस्तू जुनी झाली म्हणून ती घरी आणायची नाही. ती रेल्वेची, म्हणजे सगळ्यांची. अशी वस्तू जवळ सापडली तर १९६६ च्या कायद्याने शिक्षा होते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. ती म्हणजे माणसांची आठवण. काल्थ्रॉपचे नाव पुस्तकात आहे. कंपनीचा हिशेब दप्तरात आहे. पण कुर्डुवाडीला ज्यांनी पाठीवर पोती वाहिली, त्यांची नावे कुठे आहेत? उन्हात रूळ ठोकणारे गँगवाले, पाणी पाजणारे, वारीत गर्दी सांभाळणारे, डोक्यावर पाटी घेऊन पेरू-चिवडा विकणाऱ्या बाया, यांचा इतिहास कोणी लिहिला? बहुतेकांना लिहिता येत नव्हते. म्हणून त्यांच्या मागे कागद राहिला नाही. जे आज म्हातारे आहेत, ते गेले की त्यांची गोष्ट त्यांच्याबरोबर जाईल.

८. हे काम तुमचे आहे

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. हे शिक्षण अर्ज करण्यापुरते आणि सही करण्यापुरते ठेवू नका. स्टेशनवर जाल तेव्हा पिवळी पाटी वाचा. तिच्यावर गावाचे नाव आहे आणि समुद्रापासून गाव किती उंच आहे तेही लिहिलेले आहे. वेळापत्रक वाचा. "बाबा, हे कोणतं ठेसन आलं?" असे आता विचारावे लागणार नाही.

नव्याने लिहिता येऊ लागले की हात शिवशिवतो. कोळसा किंवा खिळा मिळाला की भिंतीवर नाव काढावेसे वाटते. ते करू नका. भिंत खराब होते आणि ते नाव कोणाला आवडतही नाही. त्याऐवजी एक वही घ्या. गावातल्या जुन्या माणसाजवळ बसा. पुढील गोष्टी विचारा आणि लिहा:

माणसाचे नाव व वय काय?
स्टेशनवर किंवा गाडीवर त्यांनी कोणते काम केले?
रोज काय मिळे?
पहिल्यांदा गाडीत कधी बसले? कुठे गेले?
दुष्काळात, पुरात, वारीत त्यांनी काय पाहिले?

ते बोलतील तसेच लिहा. ते "ठेसन" म्हणाले तर ठेसनच लिहा. आपल्या मनाने शुद्ध करू नका आणि आपल्या पदरचे घालू नका. खाली तारीख घाला. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. चुकले असेल तर ते सांगतील. वही गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा.

आणि स्टेशन जपण्याचा एक उपाय सर्वांत सोपा आहे. तिकीट काढून प्रवास करा. फुकट प्रवास करणाऱ्यांच्या गावात स्टेशनचे उत्पन्न कागदावर दिसत नाही. उत्पन्न दिसले नाही की गाडी थांबेनाशी होते. गाडी थांबेनाशी झाली की इमारत ओस पडते. मग दगड कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. वापरातली विहीर गाळाने भरत नाही. स्टेशनचेही तसेच आहे.

काल्थ्रॉपने मोठा भार पुष्कळ चाकांवर वाटला. गावाची आठवण जपणे हाही मोठाच भार आहे. तो एकट्या मास्तरांच्या किंवा एकट्या सरकारच्या डोक्यावर टाकला तर पेलणार नाही. प्रत्येकाने एका म्हाताऱ्या माणसाची एक गोष्ट लिहिली, तर सहज पेलेल.

प्रश्न

१. कुर्डुवाडी स्टेशनला 'बार्शी रोड' असे नाव का दिले होते?
२. 'लाईट' या शब्दाचा इथे अर्थ काय?
३. बारीक रुळांवर जड इंजिन कसे चालविले?
४. कुर्डुवाडीला माल दोनदा का उचलावा लागे? त्याचा भुर्दंड कोणावर पडे?
५. पन्नास टाक्यांच्या गाडीत २५ लाख लिटर पाणी येते. त्या पाण्याचे वजन किती टन?
६. दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा का करू नये?
७. तुमच्या गावात रेल्वेवर किंवा स्टेशनवर काम केलेले कोण आहे? त्यांच्याकडे कोणत्या दिवशी जाणार, ते इथे लिहा.